उकिरड्याचे देणे : कोंबडीच्या पोटातील सूक्ष्मजंतूंचा इतिहास



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी मुळाक्षरांपासून विज्ञानापर्यंतचे धडे गिरविले, त्याच शाळेने गुरुजींच्या स्मृत्यर्थ होणाऱ्या व्याख्यानासाठी मला पाचारण करावे, हा मी माझा बहुमान समजतो. धार आणि देवास ही पवारांची संस्थाने. या भूमीत इतिहास म्हटला की उदाजी, आनंदराव, तुकोजी, जिवाजी ही नावे ओठांवर येतात, आणि ते योग्यच आहे. मी मात्र इतिहासकार नव्हे. माझा जन्म धारचा, शिक्षण देवासचे आणि पेशा पशुवैद्याचा. तेव्हा आज मी ज्या प्रजेचा इतिहास सांगणार आहे ती तख्तावर कधी बसली नाही, तिचा कोणी बखरकार झाला नाही आणि ती डोळ्यांना दिसतही नाही. कोंबडीच्या आतड्यांत राहणाऱ्या सूक्ष्मजंतूंचा हा इतिहास आहे. विषय ऐकून काहींना हसू येईल. गुरुजींना आले नसते, अशी माझी खात्री आहे.

१. गुरुजींचा खड्डा

माझ्या वयाच्या विद्यार्थ्यांना शाळेच्या मागील आवारातला खतखड्डा आठवत असेल. पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि चुलीतली राख यांचे थर गुरुजी आमच्याकडून रचून घेत, ठरावीक दिवसांनी ते खालीवर करवीत आणि मग एकेकाला पुढे बोलावून त्या ढिगाऱ्यात हात घालावयास लावीत. आत चटका बसण्याइतकी ऊब असे. "ही ऊब कोणाची?" असा त्यांचा प्रश्न असे. आम्ही म्हणत असू, उन्हाची. ते मान हलवीत आणि म्हणत, "आत लाखो कामकरी राबताहेत, ही त्यांच्या अंगाची ऊब."

ही पद्धत गुरुजींची स्वतःची नव्हती, परंतु ती परकीयही नव्हती. येथून जेमतेम चाळीस किलोमीटरवर, इंदूरला, १९२४ साली वनस्पती-उद्योगाची एक संशोधन संस्था स्थापन झाली. तिचे संचालक अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी शेतातील टाकाऊ पदार्थांपासून खत करण्याची रीत शास्त्रशुद्ध केली आणि १९३१ साली तिच्यावर दोघांच्या नावाने इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. 'इंदूर पद्धत' या नावाने ती पुढे जगभर गेली. हॉवर्ड यांचे नाव सर्वत्र घेतले जाते. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर असूनही वाड यांचे नाव माळव्यातील मराठी माणसालाही क्वचितच ठाऊक असते. त्या पद्धतीचे सार एवढेच की, खत माणूस करीत नाही, सूक्ष्मजंतू करतात. माणसाने त्यांना अन्न, ओल आणि हवा यांची सोय करून द्यावयाची असते.

शाळेच्या त्या खड्ड्यावर शेजारच्या वस्तीतील कोंबड्या हमखास येत. एक गावठी कोंबडी आपली आठ-दहा पिले घेऊन ढिगारा उकरीत असे आणि पिले तिच्या पायांमागून चोची मारीत. आम्ही तिला हुसकावीत असू. ती कोंबडी पिलांना काय देत होती हे समजण्यास मला पुढे पंचवीस वर्षे लागली.

२. जंतू : वैरी की सोबती?

सूक्ष्मजंतुशास्त्राच्या बाल्यावस्थेतच कोंबडीने त्यात मानाचे स्थान मिळविले होते. कोंबड्यांच्या पटकीवर काम करीत असताना लुई पाश्चर यांना आढळले की, जुने झालेले जंतुसंवर्धन टोचले असता कोंबडी मरत नाही. उलट पुढे ताज्या जंतूंपासून तिचे संरक्षण होते. १८८० साली जाहीर झालेल्या या शोधाने प्रयोगशाळेत लस तयार करण्याचे युग सुरू झाले. त्याचे पडसाद हिंदुस्थानातही उमटले. १८८९ साली पुण्यात सरकारी जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा निघाली आणि १८९३ साली ती हिमालयातील मुक्तेश्वर येथे गेली. आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था ही तिचीच वंशज होय. ज्या रोगाला आपण 'मानमोडी' म्हणतो, त्याला हिंदुस्थानात मिळालेले 'राणीखेत' हे नाव त्याच डोंगरी मुलखातले, आणि त्या रोगावरील लसही मुक्तेश्वरलाच सिद्ध झाली. या लसीने खेडोपाडीची किती खुराडी वाचविली याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. परंतु मी ती वाचताना पाहिली आहेत.

अशा रीतीने जंतू म्हणजे वैरी, ही समजूत दृढ झाली. विशेष असे की, स्वतः पाश्चर यांचे मत इतके एकांगी नव्हते. १८८५ साली त्यांनी असा तर्क मांडला होता की, एखादे नवजात पिलू पूर्णपणे जंतूविरहित अन्नावर वाढवू गेले तर त्याला जगणेच अशक्य होईल. जर्मनीत फ्रायबुर्ग येथे शोटेलियस यांनी १८९९च्या सुमारास कोंबडीची पिले घेऊन हा तर्क पडताळून पाहिला. त्यांची जंतूविरहित पिले खुरटली आणि मेली. पाश्चर यांचे म्हणणे सिद्ध झाले असे अनेकांना वाटले. परंतु १९१२ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेतच कोहेन्दी यांनी तशीच पिले कित्येक आठवडे जगवून दाखविली. निर्जंतुक करण्यासाठी तापविलेल्या अन्नातील जीवनसत्त्वे नष्ट होत असल्यामुळे आधीची पिले मेली असावीत, हा उलगडा पुढे झाला.

याच संस्थेतील मेच्निकॉव्ह यांचे मत तर अगदी दुसऱ्या टोकाचे होते. मोठ्या आतड्यातील जंतू शरीरात विष कालवतात आणि म्हातारपण ओढवून आणतात, असे ते म्हणत व त्यावर उपाय म्हणून आंबविलेल्या दुधाची शिफारस करीत. आपल्याकडे दह्याची वाटी कोणाच्या शिफारशीवाचून पानात येत होती, ही गोष्ट वेगळी. तात्पर्य, विसाव्या शतकाच्या आरंभी प्रश्न असा उभा होता : जंतूंवाचून पिलू जगू शकते, हे खरे, मग ते जंतू तेथे कशासाठी असतात? या प्रश्नाचे उत्तर मिळण्यापूर्वीच बाजाराने त्याला बगल दिली.

३. सोनेरी औषधाचा चोथा

१९४८ साली अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेने ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक प्रसिद्ध केले. या प्रयोगशाळेच्या संशोधन विभागाचे प्रमुख आपल्या आंध्र प्रदेशातील भीमावरमचे सुपुत्र डॉ. येल्लाप्रगड सुब्बाराव होते. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. औषध देणारा सूक्ष्मजीव बेंजामिन डुग्गर यांना मिसूरी राज्यातील एका शेताच्या मातीत सापडला होता. म्हणजे हेही मातीचेच देणे.

औषध काढून घेतल्यावर जो चोथा उरे, त्यात बारावे 'ब' जीवनसत्त्व असते. कोंबड्यांच्या खाद्यासाठी त्याचा स्वस्त पुरवठा होईल, या विचाराने टॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड यांनी तो चोथा पिलांना चारून पाहिला. पिले वाढली, परंतु जीवनसत्त्वाच्या हिशेबाने वाढावयास हवी होती त्याहून कितीतरी अधिक वाढली. चोथ्यात उरलेला औषधाचा अंश हे त्याचे कारण निघाले. १९५० साली ही वार्ता जाहीर झाली आणि टनभर खाद्यात काही ग्रॅम औषध मिसळण्याची प्रथा वाऱ्यासारखी पसरली.

असे का घडते, हे त्या वेळी कोणालाही सांगता येत नव्हते. इंग्लंडमधील संशोधकांना मात्र एक मार्मिक गोष्ट आढळली. ज्या नव्या, स्वच्छ खोल्यांत पूर्वी कोंबड्या ठेवलेल्या नव्हत्या, तेथील पिलांवर औषधाचा परिणाम फारसा दिसेना. जुन्या, वापरलेल्या जागेत तो ठळकपणे दिसे. पुढे मेरी कोट्स यांनी १९६३ साली संपूर्ण जंतूविरहित पिलांना प्रतिजैविक दिले. त्यांची वाढ मुळीच अधिक झाली नाही. औषधात पोषण नव्हते, हे यावरून स्पष्ट झाले. ते पिलाला काही देत नव्हते. पिलाच्या पोटातील काही रहिवाशांना हटवीत होते. आतड्याला दाह करणारे, स्निग्धांशाच्या पचनासाठी लागणारे पित्त बिघडविणारे आणि अन्नात वाटा मागणारे जंतू आवरले गेले की आतड्याची भिंत पातळ राही, अन्न चांगले शोषले जाई आणि वाचलेले पोषण मांसाकडे वळे. परंतु ज्याला हटवावयाचे त्याच्याबरोबर सोबतीही मरत होते आणि जे मरत नव्हते ते औषधाला निर्ढावत होते. १९५१ सालीच कॅलिफोर्नियातील स्टार आणि रेनॉल्ड्स यांना स्ट्रेप्टोमायसिन चारलेल्या टर्की पक्ष्यांमध्ये असे निर्ढावलेले जंतू आढळले होते. इशारा औषधाच्या पाठोपाठ आला होता. तो ऐकावयास मात्र कोणाला सवड नव्हती.

४. एक कबुली

आता मी जे सांगणार आहे ते या सभेत सांगावे की नाही, याविषयी माझे मन बरेच दिवस द्विधा होते. परंतु गुरुजींच्या नावाने उभे राहावयाचे आणि सोयीचे तेवढेच बोलावयाचे, हे मला शोभणार नाही.

महूच्या पशुवैद्यक महाविद्यालयातून पदवी घेऊन मी नोकरीस लागलो. तो काळ या भागात कोंबडीपालनाचा धंदा नुकता बाळसे धरू लागल्याचा होता. धार ते देवास या शंभर किलोमीटरच्या पट्ट्यात ठिकठिकाणी पत्र्याची खुराडी उभी राहिली. उबवणी यंत्रातून निघालेली एका दिवसाची पिले खोक्यांतून येत. खुराड्यात भुशाचा जुनाच थर असे, हवा कोंदट आणि पिलांची दाटी. पिले खुरटली की मालक मजकडे धाव घेई. माझ्यापाशी उत्तर तयार होते : खाद्यात टेट्रासायक्लिनचे मिश्रण बारमाही घाला. गुण दिसे, वजन वाढे, लोक दुवा देत. माझा लौकिक त्या पुडीवर वाढला, असे म्हटले तरी चालेल. भुसा बदला, खिडक्या उघडा, दाटी कमी करा, हे सांगण्यास वेळ लागे आणि ते ऐकण्यास पैसा. पुडी दोघांनाही सोयीची होती.

पुढे एका पावसाळ्यात देवासजवळच्या एका पालकाच्या पिलांना जोराची हगवण लागली. मी तेच औषध मोठ्या मात्रेत दिले. तीन दिवस गेले, गुण येईना. रोज सकाळी तो पाटीभर मेलेली पिले खड्ड्यात टाकीत होता. चौथ्या दिवशी त्याने माळवीत मला जे विचारले, त्याचा मराठीत आशय असा : "डॉक्टरसाहेब, जे रोजच्या घासाबरोबर घातले, ते दुखण्यात औषध म्हणून कसे लागू पडावे?" तो फारसा शिकलेला नव्हता. माझ्याजवळ पदवी होती, उत्तर नव्हते.

त्यानंतर ग्रंथालयात जुने अंक चाळताना स्टुअर्ट लेव्ही यांचा १९७६ सालचा प्रयोग माझ्या वाचनात आला. मॅसॅच्युसेट्समधील एका शेतावर त्यांनी कोंबड्यांच्या खाद्यात टेट्रासायक्लिन वर्गातलेच औषध घातले. आठवड्याभरात त्या कोंबड्यांच्या पोटातील बहुतेक सारे जंतू त्याला निर्ढावले. पाच-सहा महिन्यांत शेतावर राहणाऱ्या माणसांच्या पोटातही तसेच जंतू वाढलेले दिसले. शेजाऱ्यांत ते तितके नव्हते. या माणसांनी ते औषध घेतलेले नव्हते. तो लेख मिटताना मला त्या पालकाच्या घरातली रांगती मुले आठवली. त्यांना काही झाल्याचे मला ठाऊक नाही. परंतु काही झाले नाही, असेही मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. कारण मी कधी पाहिलेच नव्हते.

५. आंधळी आतडी आणि फिनलंडचा कोंबडा

मग ते जंतू तेथे कशासाठी असतात, या मूळ प्रश्नाकडे आता वळू. कोंबडीच्या लहान आतड्याच्या शेवटी, एका बाजूस बंद असलेल्या दोन लांब पिशव्या असतात. त्यांना आंधळी आतडी म्हणतात. आपल्या देवासात एकाच गावावर थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन गाद्या नांदल्या, तशीच ही एका देहातली जोड राज्ये समजा. त्यांच्यातील एका ग्रॅम द्रव्यात हजार ते दहा हजार कोटी सूक्ष्मजंतू असतात. कोंबडीच्या स्वतःच्या पाचकरसांना न पचणारे तंतू आणि पिष्टांश ते आंबवितात. त्यातून तयार होणारी ब्युटिरिकसारखी आम्ले आतड्याच्या भिंतीचे अन्न होतात आणि त्यांच्या आंबटपणामुळे कित्येक रोगजंतूंना तेथे थारा मिळत नाही. मूत्रातून आलेल्या युरिक आम्लातील नत्रही हे जंतू पुन्हा उपयोगात आणतात. शिवाय घरचा कोण आणि परका कोण, हे ओळखण्याचे शिक्षण पिलाच्या प्रतिकारशक्तीला याच शेजाऱ्यांकडून मिळते. खतखड्ड्यात जे चालते त्याचीच ही सुबक, बंदिस्त आवृत्ती होय.

अंड्यातून बाहेर पडणाऱ्या पिलाचे पोट जवळजवळ रिकामे असते. पहिल्या काही तासांतच वस्ती सुरू होते. पण आंधळ्या आतड्यांतील समाज नीट बसण्यास कित्येक आठवडे लागतात. मांसासाठी वाढविलेली कोंबडी तर सहा आठवड्यांच्या आसपास बाजारात जाते. म्हणजे तिच्या पोटात राज्य स्थिर होते न होते तोच तिचे आयुष्य संपते. खुडूक कोंबडीच्या पंखाखाली निघालेले पिलू तिच्या पिसांतून, तिच्या विष्ठेतून आणि ती उकरते त्या मातीतून हे बिऱ्हाड पहिल्याच दिवशी घेते. यंत्रातून निघालेल्या पिलाला आईच नसते. आपण त्याला स्वच्छ जन्म दिला आणि त्याच स्वच्छतेने त्याचा वारसा तोडला. मोकळ्या घरात पहिला जो शिरेल तो मालक होतो. साल्मोनेला आधी शिरला तर तोच.

फिनलंडमध्ये १९७१ साली कोंबड्यांत साल्मोनेलाची मोठी साथ आली. तेव्हा एस्को नुर्मी यांनी रांताला यांच्या सहकार्याने एक साधा उपाय केला. प्रौढ, निरोगी कोंबड्याच्या आतड्यातील द्रव्य त्यांनी नुकत्याच जन्मलेल्या पिलांना पाजले आणि नंतर साल्मोनेला दिला. ज्यांना ते द्रव्य मिळाले होते त्यांपैकी बहुतेक पिलांत रोगजंतूला जागा मिळाली नाही. १९७३ साली 'नेचर'मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. ते वाचले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे शाळेचा खड्डा आणि त्यावरची ती गावठी कोंबडी उभी राहिली. नुर्मींनी जे नळीने पाजले, ते ती पायाने उकरून देत होती आणि आम्ही तिला दगड मारीत होतो.

येथे एक सावधगिरीची सूचना करतो. उकिरडा म्हणजे अमृत नव्हे. त्यातच रक्ती हगवणीचे परजीवी असतात, जंत असतात. मानमोडीने अख्ख्या गावच्या गावठी कोंबड्या एका आठवड्यात लोळविल्याचे मी पाहिले आहे. लस हवी, स्वच्छ पाणी हवे आणि आजारी पक्ष्याला योग्य औषधही हवे. आक्षेप औषधाला नाही. औषधाचे अन्न करण्याला आहे.

६. काळ्या कोंबडीची शिकवण

जगाने हा धडा हळूहळू घेतला. स्वीडनने १९८६ साली वाढीसाठी प्रतिजैविके देण्यास मनाई केली आणि युरोपीय संघाने १ जानेवारी २००६पासून ती प्रथा पूर्णपणे बंद केली. आरंभी तेथेही आतडी सडविणारे रोग वाढले. मग लोकांनी जागा, हवा, भुसा आणि खाद्य यांकडे लक्ष पुरविले. आपल्याकडे २०१४ साली दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने तपासलेल्या कोंबडीच्या मांसाच्या ७० नमुन्यांपैकी ४० टक्क्यांत प्रतिजैविकांचे अंश आढळले. जुलै २०१९मध्ये केंद्र सरकारने कोलिस्टिन या औषधाचा पशुखाद्यातील आणि अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांतील वापर बंद केला. माणसाच्या अतिदक्षता विभागात इतर सारे उपाय थकल्यावर हाती उरणारे हे औषध कोंबडीचे वजन वाढविण्यासाठी खर्च होत होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या बंदीचे मोल कळेल.

शेवटी पुन्हा धारकडे येतो. धार आणि झाबुआ हे कडकनाथाचे माहेर. पिसे, तुरा, कातडी, मांस, हाडांवरचे आवरण, सारे काळे. म्हणून भिल्ल आणि भिलाला बांधव त्याला 'कालामासी' म्हणतात. २०१८ साली झाबुआच्या कडकनाथाच्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्याची कीर्ती देशभर पसरली. कडकनाथाची मादी खुडूक बसण्यात फारशी तत्पर नसते. म्हणून पाड्यांवर तिची अंडी दुसऱ्या गावठी कोंबडीखाली ठेवण्याची रीत आहे. पिलू एका जातीचे, आई दुसऱ्या जातीची. तरी पंखाची ऊब आणि पोटातले बिऱ्हाड ही सावत्र आईच देते. आता मागणी वाढल्याने हेही पिलू यंत्रातून निघते आणि खोक्यातून प्रवास करते. त्याचा काळा रंग रक्तातून येतो, तो टिकेल. पोटातला वारसा रक्तातून येत नाही. तो कोणीतरी हाताने द्यावा लागतो. कडकनाथाचे नाव राखावयाचे आणि त्याला पुडीवर वाढवावयाचे, असे झाले तर आपण केवळ रंग राखला, असेच म्हणावे लागेल.

निवृत्तीनंतर कुक्षीकडच्या काही पाड्यांवर मी जात असे. तेथील तरुण पालक वजन कसे वाढवावे, हे विचारीत. मी त्यांना आधी भुसा हातात घेऊन दाखवा, असे सांगे. तो मुठीत दाबला असता गोळा होऊन राहिला, तर ओल फार. सुटून पडला, तर ठीक. पुडीची गोष्ट त्यानंतर, आणि तीही पक्षी आजारी असेल तरच. चाळीस वर्षांपूर्वी देवासच्या त्या पालकाला मी हेच सांगावयास हवे होते. तो आज हयात नाही. त्याच्या प्रश्नाचे उत्तर मी आज या सभेत दिले आहे.

विद्यार्थी मित्रांनो, शाळेच्या मागे आता इमारत झाली आहे आणि तो खड्डा बुजला आहे. मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे की, आवाराच्या एखाद्या कोपऱ्यात तो पुन्हा खणावा आणि मुलांना त्यात हात घालू द्यावा. हात मागाहून साबणाने धुवावेत, हेही पशुवैद्य या नात्याने सांगतो. आत लागणारी ऊब कोणाची, हे त्यांना कोणी लगेच सांगू नये. गुरुजी तसेच करीत.